खोडींचा इतिहास : अमेरिकन कुटुंबाची मोटार



इंदूरच्या ज्या शाळेच्या बाकावर बसून मी इतिहासाचा पहिला धडा गिरवला, त्याच शाळेच्या स्मृतिव्याख्यानात बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, ते आमचे गुरुजी सनावळ्या पाठ करून घेण्यात कसूर करीत नसत, परंतु सनावळी संपली की ते एक प्रश्न हटकून विचारीत : "बरे, पण हे असेच का झाले?" आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. स्मृतिव्याख्यानात मोटारींचे काय काम? माझे उत्तर असे की, गुरुजींचा तो प्रश्न जितका तहांना आणि लढायांना विचारता येतो, तितकाच तो एखाद्या जुन्या मोटारीलाही विचारता येतो.

१९६८ मध्ये मी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात गेलो आणि पुढे तेथेच एका महाविद्यालयात इतिहास शिकवीत सुमारे पस्तीस वर्षे राहिलो. तेथील लहान गावांत उन्हाळ्याच्या दिवसांत जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. गावच्या चौकात पुसूनपासून लखलखीत केलेल्या गाड्या ओळीने उभ्या असतात आणि त्यांच्या शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून त्यांचे वयोवृद्ध मालक बसलेले असतात. त्यांच्या गप्पा मी पुष्कळ ऐकल्या. नवल असे की, आपली गाडी किती वेगाने धावे किंवा तिच्या इंजिनाची शक्ती किती होती, याविषयी ते फार बोलत नसत. ते बोलत गाडीच्या खोडींविषयी. अमुक गाडी दमट हवेत सुरूच होत नसे, तमुक गाडीचे दार विशिष्ट जागी गुडघा दिल्याखेरीज लागत नसे, आणि आमच्या वडिलांनाच तेवढी ती युक्ती ठाऊक होती. घोड्याची खोड जशी त्याच्या स्वारालाच माहीत असावी, तशी ही जवळीक.

स्मृतीला खोड नेमकी आठवते. तिचे कारण मात्र ती विसरते. ते कारण शोधून पुन्हा जागेवर ठेवणे हे इतिहासाचे काम. म्हणून आज मी अमेरिकन कुटुंबाच्या मोटारीचा इतिहास तिच्या खोडींच्या वाटेने सांगणार आहे.

१. आपली ओळख

इंदूरकरांना अमेरिकन मोटार म्हटली की महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग आठवेल. इंडियाना राज्यातील कारखान्याच्या त्या गाडीवर इंग्लंडच्या गर्नी नटिंग या कारागीर मंडळींनी साज चढवला होता. ती राजाची गाडी. आपला विषय प्रजेच्या गाडीचा आहे. तिचाही संबंध आपल्याकडे आला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळवण्यास आरंभ केला. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ आणि डिसोटो बाहेर पडू लागल्या. सुटीत मुंबईला जाणाऱ्या आमच्या पिढीने या गाड्या पाहिल्या त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात. बोरीबंदरला उतरलेले आठ जणांचे कुटुंब, वळकट्या आणि ट्रंका यांसह त्या एका टॅक्सीत सामावत असे. पुढे लहान फियाट आल्या आणि त्या अजस्र गाड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. एवढी मोठी गाडी सामान्य माणसासाठी कोणी का बनवली असेल, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडला नाही. तो पडायला अमेरिकेतच जावे लागले.

२. उलटी चढणारी गाडी

या कथेचा आरंभ फोर्डच्या मॉडेल टीपासून करणे भाग आहे. १९०८ मध्ये ती आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांनी सरकत्या जुळणीची पद्धत आणली आणि एका गाडीचा सांगाडा जुळवण्यास लागणारा सुमारे साडेबारा तासांचा वेळ वर्षभराच्या आत दीड तासावर आला. १९२० च्या दशकाच्या मध्यास तिचे सर्वांत साधे रूप ३०० डॉलरच्या आत मिळू लागले. १९२७ मध्ये ती बंद झाली, तोपर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

या गाडीला तीन पायटे होते, परंतु आज आपण जाणतो ते नव्हेत. डावा पायटा गती बदलण्याचा, मधला मागे जाण्याचा आणि उजवा थांबवण्याचा. वेग वाढवण्याची दांडी हाताशी, सुकाणूच्या चाकाखाली. आज एखाद्या कसलेल्या चालकास तीत बसवले तर तो पहिल्याच वळणावर गोंधळेल. तिची सर्वांत प्रसिद्ध खोड म्हणजे ती उभा चढ उलटी चढे. पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली होती आणि इंधन केवळ उतारावरून वाहावे तसे आपल्या भाराने इंजिनाकडे जाई. टाकीत इंधन कमी आणि चढ उभा असला की इंजिन टाकीहून उंच होई आणि गाडी तहानेने थांबे. मग शेतकरी गाडी वळवून तिची पाठ डोंगराकडे करी आणि मागच्या गतीने चढ चढे. इंधन ओढणारा पंप नव्हता म्हणून हे घडे, आणि पंप नव्हता कारण प्रत्येक सुटा भाग वगळून किंमत खाली आणायची होती. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात प्रथमच घोड्याखेरीज वाहन पाहिले, त्याच्या ऐपतीत ती गाडी बसावी यासाठी तिने उलटे चढणे पत्करले होते. खोडीचे कारण स्वस्ताई, आणि स्वस्ताईचे कारण फोर्ड यांचा हा हिशोब की गाडी सर्वांना परवडली पाहिजे. १९१४ च्या जानेवारीत त्यांनी कामगारांची मजुरी दिवसाला पाच डॉलर केली, तीही याच हिशोबाला धरून होती. मात्र तीमागे कंटाळवाण्या कामाला विटून सोडून जाणारे कामगार टिकवण्याची निकडही होती.

३. शेपटीचे पंख आणि पोटातील पोकळी

फोर्ड यांचा हिशोब मोडून काढला तो जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी. प्रत्येक गाडीवाल्याला आपल्याहून वरच्या पायरीवरची गाडी दिसत राहावी, यासाठी त्यांनी शेव्हरोले, पॉन्टियाक, ओल्ड्समोबील, ब्युइक आणि कॅडिलॅक अशी चढती शिडी रचली, आणि दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याचा रिवाज पाडला. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांच्या रूपरंगासाठी स्वतंत्र विभागच निघाला. यापुढे बऱ्याच खोडी गरिबीतून नव्हे, तर मिरवण्याच्या हौसेतून जन्मल्या. १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागील भागावर दोन छोटे उंचवटे आले. ते दुसऱ्या महायुद्धातील पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले होते. अकरा वर्षांत त्या उंचवट्यांचे पंख झाले, आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर ते अशा थराला पोहोचले की पुढे त्यांना उतरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९४९ पासून ब्युइकच्या पुढील बाजूस गोल भोके दिसू लागली. साध्या ब्युइकला प्रत्येक बाजूस तीन, महाग रोडमास्टरला चार. शेजारच्या दारात गाडी उभी राहिली की मुले प्रथम भोके मोजीत, आणि घराची पायरी त्यावरून ठरे.

हौसेच्या खोडींत गंमत पुष्कळ होती. १९५६ च्या शेव्हरोलेमध्ये पेट्रोल भरण्याचे तोंड डाव्या मागच्या दिव्याच्या आड लपवलेले होते. दिवाच बिजागरीवर फिरवून बाजूला घ्यावा लागे. तेव्हा पंपावर गणवेशातील पोरेच पेट्रोल भरीत, आणि नवखा पोरगा गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालीपर्यंत गाडीतील कुटुंब हसत बसे. १९५६ मध्येच क्रायस्लरच्या गाड्यांत गती बदलण्याच्या दांडीऐवजी चालकाच्या डाव्या हाताशी बटणे आली. ती १९६४ पर्यंत टिकली. फोर्डच्या एडसेलने तर ही बटणे सुकाणूच्या चाकाच्या मध्यभागीच नेऊन बसवली, जेथे इतर गाड्यांत भोंगा असे. १९५७ च्या सप्टेंबरात वाजतगाजत आलेली एडसेल १९५९ च्या अखेरीस बंद झाली आणि तिचे नाव इंग्रजीत अपयशाला समानार्थी होऊन बसले.

परंतु सगळ्याच खोडी दिखाऊ नव्हत्या. पावसात काच पुसणारे हात त्या काळच्या कित्येक गाड्यांत विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या श्वासावर चालत. इंजिन हवा आत ओढते त्या ओढीचाच उपयोग करून ते हलवले जात. त्यामुळे गाडी निवांत असताना ते झपझप फिरत. पण चढावर किंवा पुढच्या ट्रकला ओलांडताना, म्हणजे नेमकी दृष्टी हवी तेव्हाच, ते मंदावत आणि कधी मधेच थबकत. चालक पायटा क्षणभर सोडी, काच पुसली जाई, मग पुन्हा पायटा दाबी. कारण असे की ही ओढ फुकट मिळत होती, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्यांची वीज अवघी सहा व्होल्टची होती. दिव्यांची प्रखरता कमी-जास्त करण्याचे बटण जमिनीवर, डाव्या पायाखाली असे. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ बुटांबरोबर आत येई आणि ते बटण गंजवून टाकी. पुढील दारांत त्रिकोणी छोट्या खिडक्या असत. त्या फिरवून वारा हव्या त्या दिशेने अंगावर घेता येई. वातानुकूलन सर्वत्र झाले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या एकेक करून नाहीशा झाल्या. वृद्ध अमेरिकन माणूस जुन्या गाडीतील दुसऱ्या कोणत्याही वस्तूपेक्षा या खिडकीसाठी हळहळतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

आणखी एक खोड सांगतो. बहुसंख्य अमेरिकन गाड्यांचा अंतरमापक पाच आकड्यांचा होता. ९९,९९९ मैल झाले की पुढे पाच शून्ये येत. एक लाख मैलांपलीकडे ही गाडी जाईल अशी अपेक्षाच मुळात धरलेली नव्हती, हे तो अंतरमापक निमूटपणे सांगत असे. दरवर्षी नवे रूप आणणाऱ्या व्यवसायाला जुनी गाडी फार काळ चालणे कशाला हवे असेल?

४. चालती खोली

अमेरिकेत १९४६ ते १९६४ या काळात सुमारे साडेसात कोटी मुले जन्मली. शहरांभोवती नव्या वसाहती पसरल्या. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना मंजूर झाली. या तीन गोष्टींच्या संगमावर स्टेशन वॅगन उभी आहे. मूळची ही गाडी रेल्वे स्थानकावरून पाहुणे आणि सामान आणण्यासाठी असलेली, लाकडी अंगाची. १९४९ मध्ये प्लिमथने संपूर्ण पोलादी अंगाची वॅगन काढली आणि लाकडाची गरज संपली. तरी लाकडाची आठवण संपली नाही. फोर्डच्या कंट्री स्क्वायरवर १९५० च्या दशकापासून १९९१ पर्यंत लाकडासारखी दिसणारी चित्रित पट्टी चिकटवलेली असे. पोलादाला लाकडाचे सोंग देणारी ही गाडी म्हणजे, माझ्या मते, त्या काळच्या अमेरिकन मनाचे नेमके चित्र होते. नव्या सुखसोयी सगळ्या हव्यात, पण शेतावरच्या घराची आठवणही दारात उभी हवी.

वॅगनच्या मागच्या दाराने कल्पक माणसांना जितके खेळवले तितके दुसऱ्या कशानेही नाही. १९६६ च्या फोर्डचे दार खालीही उघडे आणि बाजूलाही. १९७१ पासून जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनमध्ये मागची काच वर सरकून छतात शिरे आणि दार खाली सरकून तळाखाली जाई, जणू शिंपला उघडावा. १९६३ च्या स्टुडबेकर वॅगनचे मागचे छतच पुढे सरकत असे, म्हणजे शीतकपाटही उभे नेता यावे. परंतु ते छत गळते म्हणून लवकरच प्रसिद्ध पावले. आणि कित्येक मोठ्या वॅगनमध्ये तिसरे आसन असे, ते मागे तोंड करून. मुले त्यावर बसून आलेला रस्ता पाहत जात.

अशीच एक दहा वर्षे वापरलेली वॅगन आम्ही १९७४ मध्ये अगदी स्वस्तात घेतली. तेलाच्या टंचाईमुळे मोठ्या गाड्यांना कोणी विचारीत नव्हते. ती सुमारे अठरा फूट लांब होती. इंदूरहून आई आली तेव्हा तिने त्या गाडीला "खोली" हे नाव दिले, आणि पुढे आमच्या घरात तेच रूढ झाले. "खोलीत जाऊन बसा" म्हटले की मुले अंगणातील गाडीकडे धावत. मागची काच उघडी ठेवली तर पुढे जाणाऱ्या गाडीमागे निर्माण होणाऱ्या पोकळीत धूर खेचला जाऊन आत येई, आणि मुलांची डोकी दुखत. उन्हाळ्यात तिला दुसरी व्याधी होती. इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी भर रस्त्यात थांबे. आमचे शेजारी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी एके दिवशी कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे आणून त्या धातूच्या नळीवर ओळीने लावले. लाकडाने उष्णता कितपत शोषली जाई, यावर अभियंत्यांचे एकमत नाही. पण तो तोडगा त्या भागात घरोघरी होता. अंतरमापकात पाच शून्ये येणार त्या दिवशी आम्ही रस्त्याकडेला थांबलो, मुलांना पुढे बोलावले आणि हळूहळू पुढे जाऊन सगळ्यांनी मिळून ते आकडे फिरताना पाहिले.

ही आठवण मला प्रिय आहे. परंतु ती सांगून थांबलो तर ते स्मरणरंजन होईल, इतिहास होणार नाही.

५. स्मृतीने काय गाळले

पुढचे ते ऐसपैस सलग आसन, ज्यावर तिघे बसत आणि मधल्या मुलाला आई वळणावर हाताने धरीत असे, त्याला बहुधा पट्टाच नव्हता. समोरची फळी कित्येक गाड्यांत उघड्या पत्र्याची होती. १९५६ मध्ये फोर्डने गादी लावलेली फळी आणि जादा किमतीत पट्टे देऊ केले, पण पुढे त्यावरचा भर ओसरला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी गाड्यांच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले. जनरल मोटर्सने त्यांच्या मागावर खासगी गुप्तहेर लावले, आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ पासून नव्या गाड्यांत पट्टे अनिवार्य झाले. १९७२ मध्ये अमेरिकेत रस्त्यांवर ५४ हजारांहून अधिक माणसे मेली. १९६६ मध्ये दर दहा कोटी मैलांमागे सुमारे साडेपाच मृत्यू होत. २०२३ मध्ये ते प्रमाण सव्वाच्या आसपास होते. जुन्या गाड्या भक्कम होत्या असे मेळाव्यातील प्रत्येक जण म्हणतो. त्या भक्कम होत्या हे खरे, आणि आदळल्यावर तो आघात त्या आपल्या अंगी न घेता आतल्या माणसांच्या अंगावर सोपवीत, हेही खरे.

पट्ट्यांच्या या इतिहासातही एक खोड आहे. १९७४ च्या नव्या गाड्यांत पुढील आसनांवरील पट्टे बांधल्याखेरीज इंजिन सुरूच होऊ नये अशी सरकारी सक्ती होती. शेजारच्या आसनावर किराणा मालाची पिशवी ठेवली तरी गाडी तिला माणूस समजे आणि पट्टा मागे. लोक इतके चिडले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काँग्रेसने ही सक्ती रद्द केली. चांगल्या हेतूची सक्ती माणसांच्या सवयींचा विचार न करता लादली तर काय होते, याचा हा छोटा पण बोलका दाखला.

पेट्रोलचा तो वास, जो अनेकांना आजही बालपणाकडे नेतो, त्यात शिसे होते. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी इंजिनाचा ठोका थांबवणारे शिशाचे मिश्रण शोधले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ते तयार करणारे कामगार विषबाधेने मेले. तरीही ते पुढे अर्धशतक सर्रास वापरले गेले. १९७५ च्या गाड्यांपासून ते मागे हटू लागले, मुलांच्या रक्तातील शिसे त्याबरोबर उतरत गेले, आणि १९९६ मध्ये रस्त्यावरील वाहनांसाठी त्यावर पूर्ण बंदी आली.

सर्वांत मोठी गाळलेली जागा मात्र वेगळीच आहे. माझ्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ कृष्णवर्णीय प्राध्यापक दक्षिणेकडील आपल्या आजोळच्या प्रवासांविषयी सांगत. त्यांच्या वडिलांचीही मोठी गाडी होती. तीत तळलेली कोंबडी, पाण्याच्या बाटल्या, पांघरुणे आणि एक रिकामा डबा एवढे सामान ठरलेले असे. मुलांना वाटे ही सहल आहे. मोठेपणी त्यांना उमगले की वाटेत खाणावळ, मुक्काम आणि शौचगृह ही तिन्ही त्यांना बंद होती. हार्लेममधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाहकाने १९३६ पासून कृष्णवर्णीय वाहनचालकांसाठी वाटेवरील सुरक्षित ठिकाणांची मार्गदर्शिका काढली, आणि ती सुमारे तीस वर्षे निघत राहिली. तिची गरज का पडली, हा प्रश्न मेळाव्यात मी कोणाला विचारताना ऐकला नाही.

तरीही हीच गाडी त्या लढ्यात साधनही झाली. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. हजारो मोलकरणी आणि मजूर कामावर पोहोचावेत यासाठी गाड्यांची साखळी उभी राहिली. चर्चनी स्टेशन वॅगन विकत घेतल्या, त्यांवर चर्चची नावे रंगवली, आणि लोक त्यांना "धावती चर्चे" म्हणू लागले. त्यांचा विमा वारंवार रद्द होई, तेव्हा अखेर लंडनहून विमा उतरवावा लागला. नव्या वसाहतीतील गोऱ्या कुटुंबासाठी घडवलेली ती लांबलचक गाडी अपमान नाकारणाऱ्या माणसांना घेऊन धावत होती. तिची तिसरी ओळही भरलेली असे.

६. अस्त

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. तोवर अमेरिकन गाडी सरासरीने लिटरला जेमतेम पावणेसहा किलोमीटर चाले, आणि त्याची कोणाला क्षिती नव्हती. आता पंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांत गाडीच्या क्रमांकाच्या सम-विषम शेवटच्या आकड्यावरून पेट्रोलचे दिवस ठरले. १९७५ च्या कायद्याने घरगुती गाड्यांच्या इंधनखर्चावर मर्यादा घातली. हलक्या ट्रकांसाठी मात्र वेगळी आणि सैल मोजपट्टी ठेवली. १९८३ च्या अखेरीस ली आयाकोका यांच्या क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली आणि ती ट्रकांच्या मोजपट्टीत बसवली. पुढे उंच चाकांच्या दणकट गाड्याही त्याच वाटेने आल्या. वॅगन मात्र मोटारच ठरली. १९९६ मध्ये शेव्हरोले आणि ब्युइकच्या शेवटच्या मोठ्या वॅगन बाहेर पडल्या. लोकांची आवड बदलली हे खरेच. पण कायद्याच्या एका कलमानेही तिचा निकाल लावण्यास हातभार लावला.

स्लोन यांच्या शिडीच्या पायऱ्याही एकेक करून गळाल्या. ओल्ड्समोबील २००४ मध्ये आणि पॉन्टियाक २०१० मध्ये बंद झाली. कुर्ल्यात जुळवल्या गेलेल्या डिसोटो आणि प्लिमथ ही नावे अमेरिकेत अनुक्रमे १९६० आणि २००१ मध्ये संपली. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. २०२० च्या गणनेत ती ६,३९,१११ भरली.

लाकडी चिमटे लावणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांचा मुलगाही कारखान्यात लागला होता. १९८० च्या सुमारास त्याचे काम सुटले आणि तसे काम त्याला पुन्हा मिळाले नाही. शेजारी मात्र दर रविवारी अंगणातील आपली जुनी गाडी पुसत. एकदा ते मला म्हणाले, "ही गाडी मी केली आहे, आणि माझ्याच पगारातून विकत घेतली आहे." मोटारींच्या मेळाव्यांचा अर्थ मला त्या वाक्याने उमगला. तेथे जमलेली माणसे पंखांसाठी आणि चमचमणाऱ्या पट्ट्यांसाठी झुरत नव्हती. आठवीपर्यंत शिकलेला मनुष्य हाताने काम करून घर, गाडी आणि मुलांचे शिक्षण उभे करू शकत होता, त्या दिवसांसाठी ती झुरत होती. ते झुरणे खोटे नाही. परंतु त्या दिवसांच्या पंगतीत सर्वांना पान वाढलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

७. समारोप

मित्रहो, स्मरणरंजनाला हसण्याची इतिहासाच्या अभ्यासकांना सवय असते. ती मला मान्य नाही. सरकारी दफ्तरात काच पुसणारे हात चढावर मंदावत याची नोंद सापडणे कठीण. ती त्या चालकाच्या नातवाच्या बोलण्यात सापडते. आठवण हा पुरावा आहे. मात्र प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, तशी तिचीही केली पाहिजे. तिला तीन प्रश्न विचारावेत : हे असेच का होते? त्याची किंमत कोणी मोजली? आणि या गाडीत कोणाला जागा नव्हती?

हे प्रश्न केवळ अमेरिकेसाठी नाहीत. आपल्या या शहरात १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या आठवणींतही माझ्या शेजाऱ्यांचा तो अभिमान आहे आणि त्यांच्या मुलाचे ते सुटलेले कामही आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना कारखान्याविषयी, वाड्याविषयी, घरातील पहिल्या सायकलीविषयी किंवा स्कूटरविषयी बोलते करावे, त्या वस्तूंच्या खोडी लिहून घ्याव्यात, आणि गुरुजींचा तो एक प्रश्न विचारण्यास संकोचू नये. साक्षीदार आहेत तोवरच हे काम होईल.